बॅलास्ट पाण्याचे नियम: पार्श्वभूमी

मराठवाड्याला समुद्र नाही, तरी जालन्याच्या पोलाद भट्ट्यांत वितळणारे आयात भंगार जहाजानेच येते. आणि परक्या मुलखातून नकळत आलेला जीव काय करतो, हे गाजर गवताने व्यापलेले बांध पाहिलेल्या इथल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ते गवत आयात गव्हाबरोबर आले असे मानले जाते. समुद्रात हेच काम जहाजाच्या पोटातले पाणी, म्हणजे तोल सांभाळण्यासाठी भरलेले बॅलास्ट पाणी करते.

रिकामे जहाज हलके होऊन डोलते व त्याचा पंखा पाण्याबाहेर येऊ लागतो, म्हणून पूर्वी तळाशी दगड किंवा वाळू भरत. पोलादी जहाजे आणि पंप आल्यावर एका बंदरात टाक्यांत पाणी भरायचे आणि माल चढवताना दुसऱ्या बंदरात ते सोडायचे, ही रीत पडली. त्या पाण्यातून शिंपल्यांची पिले, शैवाल आणि जिवाणूही प्रवास करतात.

हे नुकसान मोठे असू शकते, हे १९८०च्या दशकात उमगले. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक कंगवा-जेली (जेलीफिशसारखा) जीव काळ्या समुद्रात पोहोचून इतका फोफावला की तेथील मासेमारी कोसळण्यात त्याचाही वाटा राहिला. १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत झेब्रा शिंपला सापडला. पुढे त्याने पाणीपुरवठा आणि वीज केंद्रांचे नळ बुजवले. १९९१-९२ मध्ये तर अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील बंदरात आलेल्या जहाजांच्या बॅलास्ट पाण्यात पटकीचे जिवाणू मिळाले.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या ऐच्छिक होत्या. या प्रश्नावरच्या २००० पासूनच्या जागतिक प्रकल्पात मुंबई हे सहा प्रायोगिक ठिकाणांपैकी एक होते. बॅलास्ट पाण्यावरचा आंतरराष्ट्रीय करार १३ फेब्रुवारी २००४ रोजी संमत झाला, मात्र तो लागू होण्यासाठी किमान ३० देशांची आणि जगातील व्यापारी जहाजांच्या ३५ टक्के टनभाराची (जहाजांच्या आकारमानाच्या मापाची) अट होती. देश जमले, टनभार जमेना. अखेर फिनलंडच्या सहभागाने अट पूर्ण होऊन ८ सप्टेंबर २०१७ रोजी करार अमलात आला, म्हणजे तेरा वर्षे कागदावरच गेली.

आधीचा उपाय म्हणजे शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांवर, किमान २०० मीटर खोल पाण्यात टाकीतले ९५ टक्के पाणी बदलणे. वादळात ते धोक्याचे ठरे आणि तळाचा गाळ तसाच राही, म्हणून सोडलेल्या पाण्यात किती जिवंत जीव चालतील याचीच मर्यादा ठरवण्यात आली: ५० मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठे जीव घनमीटरमागे दहापेक्षा कमी. त्यासाठी गाळणी आणि अतिनील किरणे किंवा क्लोरीन वापरणारी यंत्रणा बसवावी लागते. जुन्या जहाजांनाही ८ सप्टेंबर २०२४ पर्यंतच मुदत होती.

अमेरिका या करारात नाही. तेथील तटरक्षक दलाचे स्वतंत्र नियम २०१२ पासून आहेत, त्यामुळे करारातील देशात नोंदलेल्या, मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या जहाजाला या दोन्ही चौकटींचा हिशेब ठेवावा लागतो.