पेत्राचा उलटा क्रूस बायबलमध्ये आहे का?

येशूचा शिष्य असलेल्या प्रेषित पेत्राला रोममध्ये उलटे टांगून क्रूसावर मारल्याचे बायबलमध्ये लिहिले आहे, असे सांगणारा संदेश अनेकदा पुढे पाठवला जातो. चित्रांतून हा प्रसंग इतका परिचित झाला आहे की, तसे वाटणे स्वाभाविकच आहे. बायबलच्या दुसऱ्या भागातील, म्हणजे नव्या करारातील, ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक उघडून पाहावे: पंधराव्या अध्यायातील यरुशलेमच्या सभेनंतर पेत्र या पुस्तकात पुन्हा दिसत नाही आणि शेवटचा, अठ्ठाविसावा अध्याय प्रेषित पौल रोममध्ये असतानाच संपतो. योहानाच्या शुभवर्तमानात (21:18-19) ‘तू आपले हात लांब करशील’ एवढीच पेत्राच्या मरणाची सूचना आहे. उलट्या क्रूसाचा उल्लेख नाही.

तो तपशील येतो ‘पेत्राची कृत्ये’ या, साधारणपणे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील मानल्या जाणाऱ्या आणि बायबलमध्ये समाविष्ट नसलेल्या ग्रंथात. विशेष म्हणजे ‘प्रभू येशूसारखे मरण्याची माझी योग्यता नाही’ हे आज सांगितले जाणारे कारण तेथे नाही. तेथील पेत्र क्रूसावरूनच लांबलचक प्रवचन देतो आणि डोके खाली करून पडलेल्या आद्य मानवाचे रूपक उलगडतो. नम्रतेचे कारण पुढच्या काळातील लेखनात येते. पेत्राला रोममध्ये हौतात्म्य आले ही परंपरा मात्र प्राचीन आहे, आणि ती या तपशिलावर अवलंबून नाही.