रुमालात बांधलेले आणि रद्दीत गेलेले : खासगी कागदांची पार्श्वभूमी

संताजी जगनाडे यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुकोबांच्या अभंगांच्या वह्या त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. ठाण्याच्या वि. ल. भावे यांनी त्यांच्या आधारे तुकारामबुवांचा ‘अस्सल गाथा’ छापला तो १९१९-२० च्या सुमारास. तोवर अडीच शतके लोटली होती. एवढा काळ त्या वह्या कुठल्या राजाच्या फडात किंवा सरकारी कचेरीत नव्हत्या. तेलाचा धंदा करणाऱ्या एका कुटुंबाने त्या सांभाळल्या होत्या.

भक्तीपोटी कागद टिकल्याची अशी उदाहरणे आहेत, पण थोडी. बाकीच्या घरांत कागद टिकले ते हक्कापायी. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, इनामदार यांच्याकडची सनद, महजर, निवाडपत्र म्हणजे वतनाचा पुरावा. भाऊबंदकीचा तंटा उभा राहिला की गोतापुढे किंवा सरकारात तोच काढून दाखवायचा. म्हणून दप्तर कापडाच्या रुमालात बांधायचे, कसर लागू नये म्हणून आत वेखंड ठेवायचे आणि परक्याला हात लावू द्यायचा नाही. त्याच रुमालात हिशेबाचे बंद म्हणजे सुटे कागद, लग्नाच्या याद्या, उसनवारीच्या चिठ्ठ्या, लेकीच्या सासरहून आलेले खुशालीचे पत्र असे पुष्कळ काही सनदेच्या आधाराने राहून गेले. ते कुणी मुद्दाम जपले नव्हते, पण आज अभ्यासकाला सनदेपेक्षा त्याचेच मोल जास्त वाटते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी पेशव्यांचे दप्तर पुण्यात ताब्यात घेतले. महसूल ठरवणे आणि इनामांचे दावे तपासणे यासाठी त्यांना ते हवे होते. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनचे अधिकार पक्के झाले आणि घरोघरच्या इनामदारांना पुरावे दाखवणे भाग पडले. पुरावा नाही, किंवा साहेबाला पटला नाही, तर इनाम खालसा. या धास्तीने घराण्यांना एक सवय लागली : आपल्याकडे कागद आहेत हे सांगायचेच नाही. पुढे संशोधक दारात उभे राहिले तेव्हा त्यांना जो थंड नकार मिळे, त्याला लोकांचा अडाणीपणा म्हणून हिणवण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते. ज्यांनी एकदा कागद दाखवून जमीन गमावली किंवा गमावलेली पाहिली, त्यांचा अविश्वास अनुभवातून आला होता.

हे कागद इतिहासासाठी लागतात, ही जाणीव त्यानंतरची. साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफला राजघराण्याचे आणि सरदारांचे दप्तर पाहायला मिळाले होते. त्याने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासावर १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने मराठीत टीका लिहिली. आपला इतिहास आपण लिहायचा तर आपले कागद आपल्याला हवेत, ही गोष्ट त्या निमित्ताने ठसली. १८७८ मध्ये का. ना. साने, ज. बा. मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक काढले. ते दहाएक वर्षे चालले आणि त्यातून बखरी, पत्रे आणि जुन्या कविता छापून आल्या. मिरजेत संस्कृतचे शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन घराण्याची दप्तरे वाचून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सुरू केला. साताऱ्यात द. ब. पारसनीस सरदार घराण्यांत ऊठबस ठेवून कागद, चित्रे, पोथ्या जमवत होते. आणि मग विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. वाईला हाती लागलेल्या, १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचा त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. एकूण खंड झाले बावीस. गावोगाव पायपीट, वाड्यातल्या कारभाऱ्यांची मनधरणी आणि खिशाला कायमची चाट असा तो उद्योग होता. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा घरांतून निघालेल्या कागदांना प्रथमच एक सार्वजनिक छप्पर मिळाले.

ही मंडळी नसती तर आज आपल्या हाती फारच थोडे उरले असते. तरीही त्यांच्या कामातून एक समज रूढ झाली आणि तिने पुढे नुकसान केले. दप्तरातून ‘ऐतिहासिक’ पत्र निवडायचे, त्याची नक्कल करायची, छापायचे. लढाई, तह, कारस्थान असलेले पत्र निवडीत येई. घरखर्चाचा बंद मागे राही. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. मागे राहिले हजारो रुमाल. सरकारी दप्तराचे रुमाल निदान जागेवर राहिले. घरगुती दप्तरांच्या बाबतीत मात्र ‘महत्त्वाचे ते छापून झाले’ म्हटले की उरलेल्याचा वाली कोणी नसे. अभिलेखागाराच्या शास्त्रात आज नेमका उलटा नियम मानतात. कागद ज्याने जमवले, त्याने जसे लावले, त्याच क्रमाने आणि एकत्र ठेवायचे. कोणत्या पत्राशेजारी कोणती पावती होती, यातूनही काही कळते. रुमाल सोडून त्यातले चांगले पत्र वेगळे काढले की ते कळणे संपले.

संग्रहही विखुरले. राजवाडे मंडळातून बाहेर पडले. १९२६ च्या अखेरीस धुळ्याला त्यांचे निधन झाले आणि लगेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. त्याच गावी शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतली बाडे जमवून समर्थ वाग्देवता मंदिर उभारले. पारसनिसांचा संग्रह साताऱ्याच्या संग्रहालयातून १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. यवतमाळला य. खु. देशपांडे यांच्या शारदाश्रमाने वऱ्हाडातली हस्तलिखिते सांभाळली. आणि अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांच्या रोजनिशा आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्या तिथे सुरक्षित आहेत हे खरे, पण अमरावतीचा विद्यार्थी त्या पाहायला दिल्लीला जाईल ही अपेक्षा जरा जास्तच.

गवयांच्या घरी हाच खेळ वेगळ्या रीतीने झाला. गवयाला वतन नव्हते. त्याची मिळकत म्हणजे चिजा, गायच्या बंदिशी. त्यामुळे चिजांची वही ही सनदेसारखीच लपवायची वस्तू. खास बंदिश मुलाला किंवा जावयाला मिळे, शागिर्दाला तिचा अंतरा मिळायलाही वर्षे जात. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील. त्यांनी ग्वाल्हेर, जयपूर, रामपूरकडच्या घराण्यांतून शेकडो चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत छापल्या. विद्या खुली झाली. पण इथेही छापले म्हणजे मूळ वहीचे काम संपले, असेच घडले. वहीत कडेला लिहिलेले असते ते पुस्तकात येत नाही : ही चीज कुणाकडून, कधी, कुठल्या मुक्कामी मिळाली, गुरुजींनी नंतर कोणती जागा बदलली, शब्द चुकीचा वाटला तरी उस्ताद असाच म्हणत. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले आणि त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. अशा गायकाच्या बाबतीत शिष्यांच्या वह्या आणि आठवणी हेच काय ते साधन. अल्लादिया खाँ यांनी उतारवयात आपले चरित्र नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितले आणि त्यांनी ते उर्दूत लिहून घेतले. खाँसाहेब १९४६ मध्ये गेले. ते आत्मकथन इंग्रजी पुस्तकरूपाने आले २००० मध्ये. मधली पन्नासएक वर्षे ते घरच्यांच्या हवाली होते.

नाटक मंडळ्यांचे तर विचारूच नये. नटांच्या भूमिका उतरवलेल्या नकला, मुक्कामाचे जमाखर्च, पडदे रंगवणाऱ्यांच्या पावत्या, कर्जाचे रोखे हे मंडळी मोडली की कुणाचेच नसत.

ज्यांच्याकडे वतनही नव्हते आणि घराण्याचे नावही नव्हते, त्यांच्या कागदांचे काय झाले? जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले. ते छापून आले १९७९ मध्ये. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रांपैकी तीनच आपल्यापर्यंत पोचली आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ ची. ताराबाई शिंदे यांचे १८८२ चे पुस्तक ‘स्त्रीपुरुषतुलना’ स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणले. त्यांच्या पत्रांची, टिपणांची पुरचुंडी कुठे दिसत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या निधनानंतर त्यांच्या कागदांना वारसाहक्काच्या वादातून आणि न्यायालयीन ताब्यातून जावे लागले. वसंत मून यांच्या संपादनाखाली समग्र लेखनाचा पहिला खंड निघायला १९७९ साल उजाडले. एवढ्या मोठ्या नेत्याची ही गत, तर तालुक्याच्या गावच्या सत्यशोधक जलसाकाराच्या वहीची काय होणार? ‘त्या समाजात लेखनच कमी होते’ असे म्हणून मोकळे होणारे बरेच आहेत. लेखन होते, त्याला जपायला कोठी आणि माळा नव्हता.

विसाव्या शतकाच्या मध्यावर वाड्यांतल्या दप्तरांवरही पाळी आली. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली, त्यांत माळ्यावरची दप्तरेही गेली. त्यानंतर १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली. ज्या हक्कासाठी कागद सांभाळायचे तो हक्कच गेला. तोवर ज्या लिपीत हे कागद लिहिलेले ती मोडी शाळांतून हद्दपार होत आली होती, त्यामुळे नव्या पिढीला ते वाचताही येईना. वाचता न येणारे आणि कोर्टात न चालणारे कागद घर पाडताना कुणी कशाला ठेवील? पुण्या-साताऱ्यातल्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या तशी पोत्यांनी दप्तरे रद्दीत गेली.

विचित्र गोष्ट अशी की जे कागद वाचले त्यांत जुनेच जास्त धडधाकट आहेत. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद आणि काजळाची शाई तीनशे वर्षांनंतरही उलगडून वाचता येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा गिरणीतला कागद आला. त्यातल्या आम्लाने तो आपोआप पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणून १७६० चे पत्र ठणठणीत आणि १९४५ ची कवितेची वही हातात तुकडे होणारी, असे दृश्य संग्रहांत नेहमीचे. त्यात घरच्यांची माया आड येते : फाटले म्हणून चिकटपट्टी लावली, टाचणी खोचली, फार कौतुक वाटले तर दुकानात नेऊन लॅमिनेशन केले. चिकटपट्टीचा डाग जात नाही, टाचणी गंजते आणि उष्णतेने बसवलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. त्यापेक्षा आम्लरहित कागदाच्या पाकिटात आडवे ठेवून, कोरड्या कपाटात, वर्षातून दोनदा उघडून पाहणे पुरते.

कायद्याचा आधार या बाबतीत तोकडा आहे. १९९३ चा केंद्राचा आणि २००५ चा महाराष्ट्राचा अभिलेख कायदा हे दोन्ही सरकारी कागदांसाठी आहेत. १९७२ चा पुरावस्तू कायदा पंचाहत्तर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखिताला संरक्षण देतो, मुख्यतः ते देशाबाहेर जाऊ नये म्हणून. घरातल्या घरात ते सडू नये यासाठी कोणी काही करायला बांधील नाही. शिवाय पत्रांची एक मेख आहे. पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, पण मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा आणि नंतर त्याच्या वारसांचा. आणि लेखकाची पत्रे त्याच्या घरी नसतातच, ती सापडतात ज्यांना लिहिली त्यांच्याकडे. जी. ए. कुलकर्णी यांच्या पत्रांचे चार खंड निघू शकले ते पत्रे मिळालेल्यांनी ती ठेवली म्हणून. एखाद्या गावच्या कवीचा संग्रह करायचा तर त्याच्या मुलाकडे एकदा आणि मित्रांकडे दहा वेळा जावे लागते.

कुटुंबे कागद द्यायला कचरतात त्यामागे आता इनाम कमिशन नाही, अब्रू आहे. पत्रांत कर्जे असतात, भांडणे असतात, हयात माणसांची नावे असतात. संस्थेला देताना देणगीपत्रात अट घालता येते : अमुक पाकिटे अमुक वर्षापर्यंत बंद, अमुक पत्रांची छायाप्रत नाही. हे ठाऊक नसल्याने लोक दोन टोके गाठतात, एक तर सगळे घरी कोंडतात किंवा तेराव्यानंतर सगळे जाळतात. संस्थांनीही कागद घेताना जागा, माणूस आणि सूची यांची हमी द्यायला हवी. नुसती शाल आणि नारळ पुरत नाही.

आणि १९९० नंतरच्या लेखकांच्या घरी कागदच कमी. त्यांनी श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या फॉन्टमध्ये टंकलेले लेखन फ्लॉपीवर आणि जुन्या संगणकांत आहे. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, पण पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात, मात्र प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. मूळ छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न्‌ ओळ ताडून पाहावी लागते. हे काम लेखक हयात असताना, त्याच्याच संगणकावर, त्याला विचारून करणे सर्वांत स्वस्त पडते.