सोलापूरचा माल आणि कोकणची बंदरे

समुद्र नसलेल्या सोलापूरचा बंदरांशी काय संबंध, असे कुणी विचारले तर धाराशिवजवळच्या तेरकडे बोट दाखवावे. तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगरचे कापड गाड्यांमधून भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. आपल्या भागाचा कापडधंदा गिरण्यांपेक्षा कितीतरी जुना आहे तो असा.

बहमनी काळात व्यापाराचा ओढा कोकणाकडे वळला. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन चौलला उतरला, बिदरपर्यंत गेला आणि परतीला दाभोळहून जहाजात बसला. दख्खनच्या फौजांना लागणारे अरबी घोडे याच बंदरांतून वर येत. दाभोळ वाशिष्ठीच्या मुखाशी, वरच्या अंगाला चिपळूणचा गोवळकोट धक्का, तिथून कुंभार्ली घाटाने कऱ्हाड आणि पुढे देश. घाटावरून धान्य-कापूस उतरायचा, खालून मीठ-नारळ चढायचे. सगळी भिस्त बैलांच्या तांड्यांवर.

ही बंदरे गाळाने बुडाली असे सरसकट सांगितले जाते. राजापूरची खाडी गाळाने भरली, हे खरेच. पण घाटमाथ्यावरचा माल त्यांच्या हातून काढून घेतला तो रेल्वेने. १८६० मध्ये गाडी सोलापूरला पोचली, तेव्हा बोरघाटाचे काम सुरूच होते. १८६३ मध्ये घाट खुला झाला आणि मुंबईपर्यंत सलग रूळ झाले. नेमके त्याच काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव भडकलेले. मग बैलावर कापूस लादून कुंभार्ली कोण उतरेल? १८७७ मध्ये सोलापुरात 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली आणि मुंबईशी नाते पक्के झाले.

कोकणच्या बंदरांना उरले मासे, कौले आणि आगबोटीने ये-जा करणारे चाकरमानी. रस्ते सुधारल्यावर आगबोटीही थांबल्या.

१९८९ मध्ये मुंबईजवळचे न्हावाशेवा बंदर सुरू झाले. सोलापूरचे टॉवेल परदेशी निघतात ते आता कंटेनरमधून. दाभोळच्या खाडीजवळ द्रवरूप वायूची जहाजे लागतात, जयगडला वीजप्रकल्पाचा कोळसा उतरतो. रत्नागिरी-नागपूर महामार्ग सांगोला, मंगळवेढ्यावरून सोलापुरात येतो, म्हणजे कोकण किनाऱ्याची थेट वाट पुन्हा आहे. मात्र नुसता रस्ता पुरत नाही. ठरल्या वारी सुटणारी कंटेनर जहाजे जिथे लागतात, तिकडेच निर्यातदार माल धाडतो.