गॅल्वेस्टनचं वादळ 'अचानक' आलं नव्हतं
८ सप्टेंबर आला की ती पोस्ट परत फिरायला लागते, १९०० साली टेक्सासच्या गॅल्वेस्टन बेटावर वादळ आलं, कुणालाच कल्पना नव्हती, हजारो माणसं गेली. माणसं गेली हे खरंच, साधारण ८ हजार धरतात, अमेरिकेतली आजवरची सगळ्यात जीवघेणी नैसर्गिक आपत्ती. पण 'कल्पना नव्हती' हे काही खरं नाही.

क्यूबातले हवामानवाले सांगत होते की हे वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरणार. तेव्हा क्यूबा अमेरिकेच्या ताब्यात, आणि अमेरिकन वेदर ब्युरोने, म्हणजे तिथल्या सरकारी हवामान खात्याने, क्यूबातल्या हवामानाच्या तारांवर बंदीच घातलेली, का तर म्हणे ते लोकांना उगाच घाबरवतात! ब्युरोचं स्वतःचं गणित काय, तर वादळ फ्लोरिडावरून वळून अटलांटिककडे जाईल. ते आलं सरळ टेक्सासला. शहरात आदल्या दिवशी वादळाचा बावटा लागला होता, पण तोवर उशीर झालेला.

आणि बेट केवढं उंच, तर सगळ्यात उंच जागा ९ फुटांच्या आत, पाणी चढलं १५ फुटांच्या वर. तिथलेच ब्युरोचे अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मध्ये पेपरात लिहिलं होतं की गॅल्वेस्टनला वादळाची भीती हा निव्वळ भ्रम. त्या रात्री त्यांचंही घर कोसळलं, बायको गेली. समुद्राकाठची १७ फुटी भिंत बांधायला घेतली ती १९०२ मध्ये.