घरातल्या कुणाला अटक झाली तर

हे पत्रक आम्ही फक्त आमच्या पक्षकारांना देतो. ही जाहिरात नव्हे, वकिलांना ती करताच येत नाही. रात्री-अपरात्री फोन येतो तेव्हा कुणाला काही सुचत नाही, म्हणून आधीच वाचून ठेवा.

आधी एवढंच विचारा: अटक केली आहे की चौकशीला बोलावलंय? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिस बरेचदा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खाली नोटीस देतात. ती घ्या आणि त्या तारखेला हजर राहा. टाळाटाळ केलीत तर अटकेला आयतं कारण मिळतं.

अटक झालीच असेल तर अटकेच्या कागदावरची वेळ बघा, मगच सही करा. माणूस दुपारी चारपासून ठाण्यात बसलेला आणि कागदावर रात्रीचे अकरा, असं घडतं. ताब्यात घेतल्यापासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं, मग रविवार असो की दिवाळी. त्या सात तासांचं मोल इथे कळतं. नेलं तेव्हाचे फोन, मेसेज, सोसायटीचं सीसीटीव्ही जपून ठेवा.

अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला कळेल अशा भाषेत हवीत. लगेच देता आली नाहीत, तरी कोर्टात हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती हातात पडली पाहिजेत. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्याच एका खटल्यात हे स्पष्ट केलं. नुसतं कलम लिहिलेला कागद म्हणजे कारणं नव्हेत.

नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पण तो पूर्णवेळ शेजारी बसू शकत नाही. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणी करू शकत नाही. पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही, मात्र त्या बोलण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग वापरला जातो. तेव्हा नाव-पत्ता सांगा, बाकीचं वकिलाशी बोलून. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर महिलेला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही.

रिमांडच्या वेळी, म्हणजे पोलिस कोठडी मागायला कोर्टात उभं करतात तेव्हा, न्यायाधीश विचारतात, “पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?” मारहाण झाली असेल तर तिथेच सांगा, दुखापत दाखवा. घाबरून “नाही” म्हटलं की ते रेकॉर्डवर जातं आणि पुढे आम्हालाही जड जातं.

त्यानंतर पीसीआर, म्हणजे पोलिस कोठडी, किंवा एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी. पोलिस कोठडी एकूण पंधरा दिवसांहून जास्त नाही, पण आता ती तुकड्या-तुकड्यांनीही मागता येते. साठ दिवसांत, गंभीर गुन्ह्यात नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो. मात्र तसा अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्याआधीच करावा लागतो.

जामीनपात्र गुन्हा असेल तर ठाण्यातच सुटका होऊ शकते. एरवी जामीनदार आत्ताच बघून ठेवा: आधार, रेशनकार्ड, पगाराची स्लिप किंवा सातबारा. “साहेबांशी सेटिंग करून देतो” म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. वकिलाची फी परवडत नसेल तर 15100 वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.