रेघ वीस हजार चौरस मीटरची: बेळगावातल्या उंच इमारती आणि पर्यावरण मंजुरीचा मागोवा

जुलैत बळ्ळारी नाला फुगला की शहापूर, वडगाव, जुने बेळगावच्या शिवारात पाणी चढतं आणि नुकतं लावलेलं भात त्याखाली कुजतं. बेळगावी बासमतीचं नाव ज्या जमिनीवर उभं राहिलं, तीच ही जमीन. नाल्यातला गाळ आणि जलपर्णी काढा, ही मागणी दरवर्षी होते, आणि ती रास्तच आहे. पण नाल्यात येणारं पाणी वाढलं कशानं, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. जी माती पाऊस पीत होती तिच्यावर आता स्लॅब, पेव्हर आणि तळघरातलं पार्किंग आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये शहरात घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा याची झळ शिवाराबाहेरच्यांनाही बसली.

उंच इमारतीचा परिणाम मजल्यांवरून मोजता येत नाही. तो पाण्यावरून मोजावा लागतो: किती लागणार, कुठून येणार, वापरून झालेलं कुठं जाणार आणि छतावर पडलेल्या पावसाचं काय होणार. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेस अधिवेशन टिळकवाडीत भरलं, तेव्हा माणसं जमण्याआधी विहीर खणली गेली. ती काँग्रेस विहीर आजही तिथं आहे. आधी पाण्याची सोय आणि मग वस्ती, हा क्रम तेव्हा कुणाला कायद्यानं शिकवावा लागला नव्हता.

कायदा पुष्कळ उशिरा आला. १९७२ ची स्टॉकहोम परिषद, १९८४ ची भोपाळ वायुगळती, त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, आणि त्याच्या आधारे २७ जानेवारी १९९४ ची अधिसूचना. प्रकल्प सुरू करण्याआधी त्याच्या पर्यावरणीय परिणामांचं मूल्यमापन करणं या अधिसूचनेनं बंधनकारक केलं. पण यादीत होती धरणं, खाणी, वीज केंद्रं, रासायनिक कारखाने. राहत्या घरांनी पर्यावरणाचं काही बिघडतं, असं तेव्हा धोरण आखणाऱ्यांना वाटत नव्हतं.

दहा वर्षांनी, ७ जुलै २००४ च्या दुरुस्तीनं बांधकामं यादीत आली. त्या वेळच्या कसोट्या मुद्दाम लक्षात ठेवण्यासारख्या आहेत: एक हजार माणसं, दिवसाला ५० हजार लिटर सांडपाणी आणि ५० कोटींची गुंतवणूक. १४ सप्टेंबर २००६ च्या नव्या अधिसूचनेत या तिन्हींच्या जागी क्षेत्रफळ आलं. २० हजार चौरस मीटर बांधकामापासून पर्यावरण मंजुरी आवश्यक झाली, तर दीड लाख चौरस मीटर किंवा ५० हेक्टरपासून पुढे नगर वसाहतींचा वेगळा, अधिक कडक वर्ग. आजही मूळ चौकट हीच आहे.

ही रेघ बेळगावच्या मापानं पाहू. २० हजार चौरस मीटर म्हणजे सुमारे २ लाख १५ हजार चौरस फूट. जिना, लिफ्ट, पार्किंग धरून फ्लॅटमागे १४०० चौरस फूट लागले, तर साधारण १५० फ्लॅट. घरटी पाच माणसं आणि माणशी १३५ लिटर हा प्रचलित हिशेब लावला, तर रोजचं पाणी एक लाख लिटरच्या वर जातं. त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं, म्हणजे ८० हजार लिटर. २००४ च्या नियमातली सांडपाण्याची रेघ ५० हजारांची होती. २००६ च्या नियमात हीच इमारत रेघेच्या जरा आत राहिली, तर तिला पर्यावरण मंजुरी देणाऱ्या राज्य प्राधिकरणाकडे जावंच लागत नाही. अशा तीन इमारती एकाच नाल्याच्या काठी उभ्या राहिल्या, तरी तिघींचा एकत्र हिशेब आपोआप कुणी मांडत नाही. मला यातली सगळ्यात मोठी त्रुटी हीच वाटते. शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी २४७५ फुटांवर गेली की शहर सुटकेचा श्वास टाकतं, हिडकल धरणाचं पाणी जोडीला असतं. पण त्या साठ्यावर नवी किती तोंडं बसली, हे इमारतीगणिक वेगवेगळं मोजून कधीच कळणार नाही.

रेघेच्या पलीकडे गेलेल्या इमारतीला मात्र बरंच काही सांगावं लागतं. 'फॉर्म १ अ' या अर्जात जमीन, पाणी, झाडं, प्राणी, हवा, सौंदर्य, सामाजिक परिणाम, बांधकाम साहित्य, ऊर्जा आणि व्यवस्थापन आराखडा असे दहा विभाग आहेत. पुनर्वापरातून किती पाणी मिळणार, भूजलावर काय परिणाम होणार, पावसाचं पाणी कुठं सोडणार, इतकंच काय, इमारतीनं कुणाचा देखावा अडेल का, हेही त्यात विचारलं आहे. प्रश्न उत्तम आहेत. पण २००६ च्या नियमानं इमारती आणि वसाहतींना जनसुनावणीतून वगळलं. त्यामुळे उत्तरं वास्तुविशारद आणि सल्लागार लिहितात, छाननी बेंगळूरला होते, आणि ज्याच्या बांधाला ते पाणी लागणार त्या शेतकऱ्याला विचारण्याची पायरीच त्यात नाही.

यानंतर केंद्रानं इमारतींच्या पर्यावरण मंजुरीचं काम स्थानिक संस्थांच्या बांधकाम परवान्यातच गुंफण्याचा प्रयत्न केला. ९ डिसेंबर २०१६ ची ती अधिसूचना डिसेंबर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे टिकली नाही.

भाषेचा भाग आपल्याकडे विशेष जिव्हाळ्याचा. २००६ च्या अधिसूचनेच्या जागी आणायचा मार्च २०२० चा नवा मसुदा इंग्रजी आणि हिंदीत निघाला. ३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयानं तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या, म्हणजे २२ भाषांत द्यायला सांगितलं. त्यात कन्नड आहे तशी मराठीही आहे. कर्नाटक उच्च न्यायालयानंही त्याच ऑगस्टमध्ये अंतिम अधिसूचनेला अंतरिम मनाई केली. केंद्रानं दिल्लीच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि मसुदा अंतिम झाला नाही. खानापूर, बेळगाव, निपाणी भागात सातबारा-उताऱ्यापासून नोटिशीपर्यंत कागद दुसऱ्याकडून वाचून घेणारे शेतकरी आजही भेटतात. हरकत घ्यायची तर आधी कागद समजायला हवा, ही त्यांची जुनी तक्रार इथं न्यायालयाच्या तोंडून आली.

मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाचे कागद गुप्त नसतात. मंजुरीपत्राची प्रत महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला द्यावी लागते आणि त्यांनी ती ३० दिवस फलकावर लावायची असते. अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो, आणि अर्ज करणाऱ्या कुणालाही तो मिळतो. सांडपाणी शुद्धीकरण यंत्र चालू आहे का आणि पावसाचं पाणी नेमकं कुठल्या गटारात सोडलं आहे, हे हलग्याच्या किंवा येळ्ळूरच्या शेतकऱ्यालाही त्यातून पाहता येतं.