घराबाहेरचा, लाकडावर पाणी तापवणारा बंब निवडण्यापूर्वी

डिसेंबर-जानेवारीत धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांत पहाटेचा पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि त्याच दिवशी दुपारी उन्हात उभे राहवत नाही. त्यामुळे खान्देशात घर तापवण्याची गरज फारशी पडत नाही. गरज असते ती सकाळच्या दीड-दोन तासांत घरातल्या सर्वांना पुरेल इतक्या गरम पाण्याची. अमेरिकेच्या थंड भागांत घराबाहेर बसवले जाणारे, लाकडावर चालणारे मोठे बॉयलर पाहून काही ग्राहक आम्हा बंब विकणाऱ्यांकडे तशीच यंत्रणा मागतात, म्हणून हे आरंभीच स्पष्ट करीत आहोत. त्या बॉयलरमध्ये भट्टीभोवती पाण्याचे मोठे कवच असते, ते पाणी जमिनीखालच्या नळांतून घरात फिरते आणि जाळ संपूर्ण हिवाळाभर चालू ठेवावा लागतो. पाणी पुरेसे तापले की भट्टीची हवा बंद होते, लाकूड नुसते धुमसत राहते आणि शेजाऱ्यांना धुराचा त्रास होतो. या धुरामुळेच अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये अशा नव्या बॉयलरवर धुराची मर्यादा घातली आणि २०२० पासून ती आणखी कडक केली. तो बॉयलर आपल्या उपयोगाचा नसला तरी त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: जाळ कोंडून ठेवू नये, तो मोकळ्या हवेवर जोरात आणि थोडा वेळ जाळावा, आणि मिळालेली उष्णता पाण्यात साठवावी.

बहुतेक ग्राहक प्रथम लिटर विचारतात आणि मग तांबे की स्टील हे विचारतात. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. आपल्याकडे जळण कोणते आहे आणि पाणी कसे आहे, यावरून बंब ठरवावा. लिटर सर्वांत शेवटी ठरवले तरी चालते.

जळण

शेतकरी घरात सर्वांत सहज मिळणारे जळण म्हणजे पऱ्हाटी, म्हणजेच कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची वाळलेली झाडे. ती हलकी असते, झटकन पेटते आणि तितक्याच लवकर संपते, म्हणून पऱ्हाटीसाठी भट्टीचे तोंड रुंद, जाळी मोठी आणि राखेचा कप्पा खोल असावा लागतो. बाभळीच्या ओंडक्यांसाठी बनवलेल्या अरुंद भट्टीत पऱ्हाट्या घातल्यास माणसाला बंबापासून हलता येत नाही आणि राखेने जाळी वारंवार बुजते. पऱ्हाट्या हातभर लांबीच्या तोडून त्यांच्या जुड्या बांधून ठेवल्या तर काम बरेच सोपे होते. तुराट्यांनाही (तुरीच्या वाळलेल्या काड्यांना) हीच भट्टी चालते, आणि दाणे काढलेली मक्याची कणसे त्यात उत्तम जळतात.

पऱ्हाटीबाबत एक सूचना आम्ही प्रत्येक ग्राहकाला आग्रहाने देतो. झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत दडून राहते आणि पुढच्या हंगामात त्याच गंजीतून पतंग बाहेर पडून नव्या कपाशीवर जातात. म्हणून पऱ्हाटी घरी आणण्यापूर्वी बोंडे तोडून शेतातच नष्ट करावीत, आणि संपूर्ण गंजी पावसाळ्यापूर्वी जाळून संपवावी. वर्षभर पुरेल म्हणून पऱ्हाटी रचून ठेवण्याचा विचार असेल, तर बंबाची बचत कपाशीच्या नुकसानीत जाईल. वर्षभराचे जळण हवे असल्यास बाभूळ, निंब किंवा सुबाभूळ ठेवावे.

लाकूड कोणतेही असो, ते वाळलेले असणे सर्वांत महत्त्वाचे आहे. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडातून सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. निम्मे वजन पाण्याचेच असलेल्या ओल्या लाकडातून दोन हजारांपेक्षाही कमी मिळते, कारण बरीचशी उष्णता त्यातले पाणी वाफ करण्यात खर्च होते. ओल्या लाकडाच्या थंड धुरामुळे धुराड्याच्या आत डांबरासारखा काळा थर साचतो आणि पुढे तोच पेट घेऊ शकतो. म्हणून यंदा तोडलेले लाकूड फोडून, छपराखाली मोकळ्या वाऱ्यावर रचून पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवावे.

रावेर-यावल भागातील ग्राहक केळीच्या खांबांविषयी विचारतात. केळीच्या खांबात बहुतांश पाणीच असल्यामुळे तो जळणाच्या उपयोगाचा नाही. त्याचे खत करणे अधिक फायद्याचे आहे. ठिबकच्या जुन्या नळ्या, पीव्हीसी पाइप, खताच्या गोण्या आणि रंग दिलेले लाकूड भट्टीत कधीही घालू नये. पीव्हीसी जळताना निघणारा आम्लयुक्त वायू पत्रा खातो, आणि त्याहून वाईट म्हणजे तो धूर घरातल्या मुलांच्या श्वासात जातो.

पाणी आणि धातू

आपल्याकडील बहुतेक बोअरचे पाणी जड आहे. असे पाणी तापले की त्यातील क्षार पांढऱ्या थराच्या रूपाने टाकीच्या आतल्या बाजूस बसतात, आणि साठ अंशांच्या वर हे प्रमाण झपाट्याने वाढते. हा थर उष्णता अडवतो, त्यामुळे जळण जास्त लागते आणि मागचा पत्रा वाजवीपेक्षा अधिक तापून सांध्यांवर ताण येतो. त्यामुळे ज्या बंबात हात घालून आतून घासता येत नाही, तो जड पाण्याच्या घरात घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्या प्रत्येक बंबाला वरून उघडणारे रुंद झाकण आणि तळाशी गाळ काढण्याची तोटी असते. वर्षातून एकदा लिंबूसत्त्वाचे पाणी रात्रभर भरून ठेवल्यास थर मऊ होऊन निघतो.

तांबे स्टीलपेक्षा कितीतरी पट वेगाने उष्णता वाहते, हे खरे. मात्र बंबात उष्णतेची खरी अडवणूक धूर आणि पत्रा यांच्यामध्ये, म्हणजेच काजळीच्या थरात होते. त्यामुळे नियमित साफ केलेला स्टीलचा बंब काजळी धरलेल्या तांब्याच्या बंबापेक्षा कमी जळणात पाणी तापवतो. तांब्याचा खरा गुण म्हणजे तो वर्षानुवर्षे टिकतो, दुरुस्त होतो आणि मोडीतही चांगली किंमत देतो. पाणी खारट असल्यास साध्या स्टीलच्या जोडांना बारीक छिद्रे पडतात, अशा ठिकाणी आम्ही तांबेच सुचवतो. तांब्याच्या टाकीला लोखंडी नळ थेट जोडू नये. मध्ये पितळी जोड घ्यावा, नाहीतर लोखंड लवकर गंजते.

किती लिटर

साठ अंशांचे दहा लिटर पाणी आणि वीस अंशांचे दहा लिटर पाणी एकत्र केले की चाळीस अंशांची, म्हणजे अंघोळीला योग्य अशी वीस लिटरची बादली तयार होते. या हिशेबाने माणशी दीड बादली धरली तर सहा माणसांना नव्वद लिटर कढत पाणी लागते. अंघोळी चालू असताना जाळही चालू राहत असेल, तर साठ लिटरचा बंब पुरतो. शंभर लिटर पाणी १८ वरून ६० अंशांवर नेण्यास ४,२०० किलोकॅलरी, म्हणजेच विजेवर जवळपास पाच युनिट लागतात. भट्टीची निम्मी उष्णता पाण्यात उतरली, असे धरले तर त्यासाठी सुमारे अडीच किलो वाळलेले लाकूड पुरेसे आहे. शहरात राहणाऱ्या आणि लाकूड विकत घेणाऱ्या दोन-तीन माणसांच्या कुटुंबाने मात्र सौर हीटर किंवा गिझर घ्यावा; अशा घराला बंब विकण्यात आम्हाला समाधान नाही.

जागा आणि जोडणी

बंब बाहेरच बसवावा, हा सोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. जाळातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे बंद न्हाणीघरात तो माणसाला कळण्यापूर्वीच बेशुद्ध करतो. बंबावर पावसापुरते पत्र्याचे छप्पर असावे, पण चारही बाजू बंद करू नयेत. हिवाळ्यात पहाटे धूर खालीच रेंगाळतो, म्हणून धुराडे छपराच्या माथ्यापेक्षा किमान दोन फूट वर न्यावे. कडब्याची गंजी आणि गोठा यांपासून बंब पंधरा फूट तरी दूर ठेवावा.

गच्चीवरील टाकीतून बंबात पाणी येत असेल, तर बंबाच्या माथ्यावरून एक उघडा नळ त्या टाकीतील पाण्याच्या पातळीच्या वर नेऊन सोडावा लागतो. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. तिला वाट मिळाली नाही तर टाकी फुटते. या नळावर तोटी, बूच किंवा झडप कधीही बसवू नये, आणि थेंब पडतात म्हणून तो चिंधीने बंदही करू नये. टाकीत पाणी आहे याची खात्री झाल्याशिवाय जाळ घालू नये, कारण कोरड्या टाकीचे डाख, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे सांधे, काही मिनिटांत वितळतात.

बंबाची मागणी नोंदवण्यासाठी येताना बोअरचे पाणी एका स्वच्छ बाटलीत आणि आपले नेहमीचे जळण मूठभर आणावे. बंब बसवण्याच्या जागेचा मोबाइलवरील फोटो, त्यात शेजारचे घर आणि गच्चीवरची टाकी दिसेल असा, सोबत असल्यास उघड्या नळाची उंची आम्हाला त्याच दिवशी काढून देता येते.